हात बसायला तास लागतात

आमच्या शॉपवर कामाला येणाऱ्या मुलाचं सर्टिफिकेट मी नंतर बघतो. आधी त्याच्या हातात व्हर्निअर देतो आणि टेबलावरची एखादी पिन मोजायला सांगतो. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर एक मुलगा आला होता. आयटीआयचा फिटर ट्रेड, दोन वर्षं पूर्ण, मार्क ऐंशी टक्क्यांच्या वर. त्याने व्हर्निअर नीट धरलं, जबडे पिनवर टेकवले आणि मग बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला. मोठी पट्टी त्याने वाचली. खालची सरकती पट्टी, जिच्यावर 0.02 मिलिमीटरपर्यंतचं माप मिळतं, ती काही त्याला लागेना. लीस्ट काउंट, म्हणजे त्या उपकरणावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, म्हणजे काय असं विचारल्यावर व्याख्या मात्र त्याने एका दमात म्हणून दाखवली.

‘‘दोन वर्षांत किती जॉब केलेस?’’ मी विचारलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, आमच्या तुकडीला पहिले आठ महिने शिकवणारे निदेशकच नव्हते. दुसऱ्या ट्रेडचे सर येऊन हजेरी घेऊन जायचे. जॉब पकडायचे व्हाईस होते, पण कानशी सगळ्या झिजलेल्या.’’

मला त्या मुलाचा राग आला नाही. त्याने दोन वर्षं दिली होती. गावाहून रोज एसटीने येऊन-जाऊन दिली होती. त्या दोन वर्षांच्या बदल्यात त्याला जे मिळायला हवं होतं, ते त्याला कुणी दिलं नव्हतं. औद्योगिक प्रशिक्षणावर बोलताना आपण अभ्यासक्रम, यंत्रसामग्री, नव्या इमारती, करार असं सगळं बोलतो. माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे आणि तो तासांचा आहे. कारागिराचं प्रमाणपत्र म्हणजे त्याच्या हाताखालून गेलेले तास. ते तास आज सरकारही कापतंय, कारखानेही खातायत आणि समाज म्हणून आपण त्यांची किंमत शून्य धरतोय.

मी स्वतः फिटर. 1994 साली आयटीआयला गेलो तेव्हा पहिले दोन महिने आमच्या हातात कानशीशिवाय दुसरं काही दिलं नाही. एक माइल्ड स्टीलचा जाड तुकडा, बास्टर्ड म्हणजे जाड दातांची कानस आणि काटकोन तपासायचा गुण्या. तुकडा व्हाईसमध्ये बांधायचा, कानशीला खडू फासायचा, नाहीतर दातांत कीस अडकतो आणि जॉबवर ओरखडे पडतात. मग घासायचं. थोडं घासलं की तुकडा सोडायचा, गुण्या लावायचा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की तिथे खड्डा, म्हणजे बाकीचा भाग अजून खाली आणायचा. पुन्हा बांधायचं, पुन्हा घासायचं. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले. दुसऱ्या आठवड्यात कळलं की चूक कानशीत नाही, आपल्या उभं राहण्यात आहे. कानस पुढे जाताना सुरुवातीला उजवा हात जड होतो, शेवटाला डावा, आणि त्या झोक्यामुळे जॉबच्या दोन्ही कडा खाली जातात, मधे फुगवटा राहतो. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं आहे. मला ते कळायला अकरा दिवस लागले.

त्यानंतर मोरचुदाचं पाणी फासून मार्किंग, स्क्रायबरची रेघ, डॉट पंच, हॅकसॉ. मग एकात एक बसणारे दोन तुकडे, ज्यांना शॉपमध्ये सगळे मेल-फीमेल म्हणतात. ते तुकडे एकमेकांत बसवून उजेडात धरल्यावर कुठूनच प्रकाश आला नाही, तो दिवस मला अजून आठवतो. दहावीच्या निकालाचा दिवस आठवत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे. सीएनसीच्या, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनच्या जमान्यात कानस कशाला? मशीन मायक्रॉनमध्ये काम करतं, पोराला प्रोग्रॅमिंग शिकवा, घासाघासी बंद करा. हा आक्षेप घेणारी माणसं हुशार आणि कळकळीची असतात, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

सीएनसी लेथवर 25 मिलिमीटरचा शाफ्ट चालू आहे आणि ड्रॉइंगवर मापात दोन शतांश मिलिमीटरच्या फरकाची सूट आहे असं धरा. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, हळूहळू झिजतो. झिजला की तो धातू थोडा कमी कापतो आणि शाफ्टचा व्यास जॉबगणिक वाढत जातो. मशीन हे स्वतःहून सांगत नाही. ते त्याच्या परीने प्रोग्रॅम बिनचूकच चालवत असतं. सांगतो तो आवाज. सांगतो तो चिपचा बदललेला रंग आणि सांगतं ते दर काही जॉबांनी घेतलेलं मायक्रोमीटरचं रीडिंग. ज्याचा हात बसलेला आहे तो माप सुटीच्या बाहेर जाण्याआधीच मशीनला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, देतो. ज्याला पंधरा दिवसांत फक्त हिरवं बटण दाबायला शिकवलंय, तो शिफ्ट संपेपर्यंत दाबत राहतो आणि सकाळी क्वालिटीवाला दोनशे पीस बाद मालाच्या लाल ट्रेमध्ये टाकतो. कधी तर ऑफसेट द्यायला जातो आणि अधिक-उणेची खूण चुकवतो, म्हणजे चूक मिटायच्या ऐवजी दुप्पट. कानस हे औजार म्हणून जुनं असेल. पण शतांश मिलिमीटर म्हणजे किती, हे अंगात भिनवणारं त्याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं साधन मला तरी दुसरं माहीत नाही. ते भिनलं की मग सीएनसी शिकवा, रोबोट शिकवा, पोरगं भराभर शिकतं. उलट्या क्रमाने शिकवलेलं टिकत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

आता तासांचा हिशोब मांडतो. आपल्या देशात ही कारागीर प्रशिक्षण योजना 1950 साली सुरू झाली. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डरचं एक वर्ष. 2022 साली नवा अभ्यासक्रम आला. त्याच्याआधी फिटरच्या एका वर्षाला 1600 तास होते, त्यांतले 1000 प्रात्यक्षिकाचे. नव्यात वर्षाचे झाले 1200 आणि प्रात्यक्षिकाचे 840. दोन वर्षांत मिळून प्रात्यक्षिकाचे 320 तास गेले. दिवसाला साडेसहा तास धरले तर जवळजवळ पन्नास दिवस. ड्रॉइंग आणि वर्कशॉप कॅल्क्युलेशन हे पूर्वी वेगळे विषय होते, वेगळा वेळ होता. तेही आता थिअरीच्या पोटात घातले आहेत.

बदल करणाऱ्यांचं म्हणणंही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. त्यांनी वर्षाला 150 तास प्रत्यक्ष कारखान्यातल्या कामासाठी ठेवलेत. मुलगा खऱ्या शॉपवर जावा, खरी मशीन बघावी, हा हेतू चांगलाच आहे आणि कागदावर तास जवळपास भरूनही निघतात. पण त्याच ओळीत एक पर्याय दिलेला आहे: कारखाना नाही मिळाला तर ग्रुप प्रोजेक्ट. चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरीच्या आसपासच्या संस्थेला कारखाना मिळतो. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि त्यांतल्या कितीतरी अशा तालुक्यांत आहेत, जिथे एमआयडीसीचा फलक आहे आणि फलकामागे कुसळं. तिथल्या मुलाचे तास कुठे जातात? थर्मोकोलच्या प्रोजेक्टात. म्हणजे तास कापले सगळ्यांचेच, भरपाई मात्र शहराजवळच्यांना.

आणि हे सगळं निदेशक असेल तर. व्हर्निअरवाल्या मुलाच्या तुकडीला निदेशकच नव्हता आणि त्याची संस्था ही काही एकटीच अपवाद नाही. पदं रिक्त राहतात, मग तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, ज्याला सहा महिन्यांनी आपण इथे असू की नाही याचीच खात्री नसते. चांगला फिटर कंपनीत सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, झाला की त्याहून जास्त कमावतो, तर तो शिकवायला कशाला येईल? शाळेत गणिताचे सर आठ महिने नसतील तर पालक मोर्चा काढतील. आयटीआयच्या तुकडीला निदेशक नसेल तर कुणी विचारतही नाही, कारण तिथे ज्यांची पोरं आहेत त्यांना मोर्चा काढायला रोजंदारी बुडवावी लागते. माझं साधं म्हणणं आहे: ज्या तुकडीला निदेशक नाही, त्या तुकडीत प्रवेश देऊ नयेत. जागा कमी दिसतील, आकडे वाईट दिसतील. दिसू देत. मुलाची दोन वर्षं परत देता येत नाहीत, आकडे पुढच्या वर्षी सुधारता येतात.

परीक्षेचंही तेच. थिअरी संगणकावर चार पर्यायांत घेतात, ते एकवेळ ठीक आहे. पण हाताची परीक्षा हाताच्या जाणकाराने घ्यायला हवी, तीही बाहेरच्या, ज्याला त्या संस्थेच्या निकालाशी काही देणंघेणं नाही अशाने. जिल्ह्याजिल्ह्यात उद्योजकांच्या संघटना आहेत. त्यांनी आपले अनुभवी सेटर, साचे आणि औजारं जिथे बनतात त्या टूलरूमची माणसं परीक्षेच्या दिवसांत सोडावीत. आम्ही कारखानेवाले ‘पोरं तयार नसतात’ असं वर्षभर रडतो, आणि परीक्षक पाठवा म्हटलं की आमच्याकडे माणूस नसतो. यात मी आमच्या बाजूलाही धरतोय.

आमच्या बाजूचं खरं पाप आहे ते अप्रेंटिसशिपमध्ये. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा म्हणतो की अप्रेंटिस हा शिकणारा आहे, कामगार नाही. म्हणूनच त्याला कामगाराचा पगार नाही, विद्यावेतन आहे. 2019 च्या नियमांत ते शिक्षणानुसार महिन्याला 5000 ते 9000 रुपये असं किमान ठरवलं गेलं. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. केंद्र सरकार त्यातला काही भार उचलतंही. सौदा सरळ आहे: तू कमी पैशांत ये, मी तुला शिकवतो. यातला दुसरा भाग किती कारखाने पाळतात?

माझी अप्रेंटिसशिप एका मोठ्या, नावाजलेल्या कंपनीत झाली. वर्षातले दहा महिने मी एकाच टेबलावर बसून ॲल्युमिनियमच्या हाउसिंगच्या, म्हणजे कवचांच्या, कडांचे बर, म्हणजे कापताना राहिलेले धारदार कंगोरे, काढले. रोज चारशे. टूलरूम आमच्या टेबलापासून शंभर पावलांवर होती. मला तिथे जायची परवानगी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी काचेतून बघायचो, एक म्हातारे टूलमेकर सरफेस प्लेटवर निळी शाई लावून डाय घासत असायचे, आणि मला त्यांच्या खांद्याचा झोका ओळखीचा वाटायचा. वर्ष संपलं, सर्टिफिकेट मिळालं. टूलरूम आतून मी पाच वर्षांनी पाहिली, दुसऱ्याच ठिकाणी. आज हीच गोष्ट नव्या नव्या नावांनी चालते. शिका आणि कमवा, ट्रेनी. काम तेच: लोडिंग, अनलोडिंग, पॅकिंग. मुलींना तर सरळ इन्स्पेक्शन नाहीतर असेंब्लीच्या रांगेत बसवतात, मशीनला हात लावू देत नाहीत, आणि वर ‘मुली मशीनवर टिकत नाहीत’ असं म्हणतात.

यावर उपाय अवघड नाही. अप्रेंटिसने कुठल्या महिन्यात कुठल्या विभागात काय केलं याची डायरी असावी, ती ऑनलाइन असावी, आणि ज्या कारखान्याच्या डायरीत वर्षभर एकच टेबल दिसेल त्याला सरकारचा एक रुपयाही मिळू नये. 2014 च्या दुरुस्तीने कायद्यातली तुरुंगाची शिक्षा काढली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, भीतीने कुणी शिकवत नसतं. पण पैसा तरी शिकवण्याला बांधायला हवा.

दोनशे-तीनशे तासांच्या अल्पमुदतीच्या कोर्सबद्दल मी फार लिहीत नाही. आधीच हात बसलेल्याला नवं काही द्यायला ते उत्तम आहेत. टर्नरला सीएनसीचं प्रोग्रॅमिंग, फिटरला न्यूमॅटिक्स. पण कोऱ्या पोराला त्यातून कारागीर करता येत नाही. एका पार्टचा ऑपरेटर होतो, आणि तो पार्ट गेला की तोही जातो. पिंपरी-चिंचवड, भोसरीत हे आता दारात उभं आहे. शेकडो छोटे शॉप इंजिनाचे भाग करून जगतात. विजेच्या गाडीला पिस्टन नाही, व्हॉल्व्ह गाइड नाही, कॅमशाफ्ट नाही. ज्याला ड्रॉइंग वाचता येतं, जो कुठल्याही तुकड्याला माप आणू शकतो, तो विजेच्या मोटरच्या हाउसिंगवर जाईल, पंपावर जाईल, संरक्षण खात्याच्या कामावर जाईल. ज्याला फक्त व्हॉल्व्ह गाइडचं हिरवं बटण माहीत आहे, त्याने काय करायचं?

जर्मनीचं उदाहरण आपल्याकडे फार दिलं जातं, बहुतेक वेळा अर्धंच. तिथे कारखान्यातल्या मेकॅनिकचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं आहे. आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस शाळेत. 1969 पासून त्याला कायदा आहे आणि परीक्षा शाळा घेत नाही, कारखानाही घेत नाही, उद्योगांची चेंबर घेते. हे आता आपल्याला नुसतं कौतुकापुरतं राहिलेलं नाही. महाराष्ट्र सरकारने 2024 साली तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला आहे. आपल्या मुलाच्या प्रमाणपत्राला तिथे मान्यता द्यायची झाली की तिथले लोक दोन गोष्टी ताडून बघतात: काय शिकलास आणि किती काळ शिकलास. आपण तास कापत जाणार आणि तिकडे बरोबरीचं मागणार, हे कसं जमायचं?

पण जर्मनांकडून घ्यायची सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती म्हणजे वर जायची वाट. आपल्याकडे दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. चांगली सोय आहे, माझ्या ओळखीची कितीतरी मुलं त्या वाटेने गेली आणि पुढे इंजिनिअर झाली. पण ती वाट वर जाते तशी मशीनपासून लांबही जाते. उत्तम टर्नरला मान मिळवायचा असेल तर त्याने टर्नर असणं सोडायचं. जर्मनीत कारागीर मास्टर होतो. तो शॉपवरच राहतो, त्याला शिकाऊ मुलं घ्यायचा अधिकार मिळतो, आणि त्यांच्या पात्रतांच्या राष्ट्रीय चौकटीत मास्टर आणि पदवीधर दोघंही सहाव्या पातळीवर आहेत. आपल्या कारखान्यांत वीस वर्षं काम केलेला टूलमेकर आणि कालच पदवी घेऊन आलेला मुलगा यांच्यात पगाराच्या स्लिपवर कोण वर असतो, हे सांगायला नको. आपल्याकडेही कौशल्याची चौकट 2013 पासून आहे. त्यातल्या वरच्या पायऱ्या हातानेच चढता येतील अशा बांधा. दहा-बारा वर्षांच्या अनुभवावर, कडक परीक्षा घेऊन, सरकारमान्य मास्टर कारागीर. आणि अशा माणसाला आयटीआयवर निदेशक म्हणून सन्मानाच्या पगारावर घ्या. रिक्त पदांचा प्रश्नही तिथेच सुटायला लागेल.

1910 साली कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला, तेव्हा आजूबाजूला ना तंत्रशाळा होती ना शिकलेला कामगार. खेड्यातल्या माणसांना उभं करून, दाखवून, चुका करू देऊन त्यांनी नांगर ओतणारी माणसं तयार केली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं, मिस्त्रीच्या हाताखाली. तिथे प्रमाणपत्र नव्हतं, पण तास होते. आज प्रमाणपत्र आहे. आयटीआयच्या मुलाला महिन्याला मिळणारं विद्यावेतन कित्येक दशकं 40 रुपये होतं, ते 2023 मध्ये 500 करायचं ठरलं. त्याच्या वेळेची आपण केलेली किंमत त्या चाळीस रुपयांत होती, असं मला तेव्हा वाटायचं. पाचशेनेही ती फार बदललेली नाही.

तो व्हर्निअरवाला मुलगा आमच्याकडे लागला. दिवसा तो लोडिंग करतो, ते मी टाळू शकलेलो नाही. पण शिफ्ट संपल्यावर रोज एक तास त्याला मागच्या खोलीतला व्हाईस दिलाय, दोन नव्या कानशी दिल्यात आणि माझा जुना गुण्या. पहिले तीन महिने तो तुकडा घासायचा आणि माझ्याकडे घेऊन यायचा, ‘‘सर, बघा ना झालंय का.’’ मी उजेडात धरायचो आणि परत द्यायचो. परवा मी दारातून बघत होतो. त्याने तुकडा सोडला, पुसला, गुण्या लावून ट्यूबलाइटसमोर धरला. बराच वेळ एक डोळा बारीक करून बघितलं. मग मला हाक न मारता त्याने तो तुकडा परत व्हाईसमध्ये बांधला.